चाकूरच्या पुढचा अर्धा फेरा

लातूरहून शिवराजचा फोन आला, तेव्हा मी नांदेडच्या घरी अंगणात फटफटी पुसत बसलो होतो. "काका, अप्पा गेले. काल दुपारी. सगळं उरकलं बी," एवढं बोलून तो थांबला. मला कालच का कळवलं नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही लई दिवसांत आला न्हाईत काका. अप्पांस्नी वाटायचं, तुमचीच तब्येत बरी नसंल." माझी तब्येत ठणठणीत होती. फटफटीचीही. आठ महिने मी लातूरला गेलो नव्हतो, त्याचं कारण नेमकं हेच होतं, आणि ते त्या पोराला फोनवर कसं सांगणार...

मन्मथअप्पा म्हणजे शिवराजचे वडील, लातूरचे मोटारसायकल मिस्त्री. गंजगोलाई ह्या गोल बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. आमची गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळात. मी नुकताच सरकारी नोकरीत चिकटलो होतो आणि मुरुडच्या बाजूला खडी फोडण्याच्या कामांवर हजेरी घ्यायला फिरत होतो. एका निवृत्त जमादाराकडून घेतलेली जुनी फटफटी, हीच ती, बुडाखाली होती. त्या वर्षी रस्त्यावर पाण्याचा थेंब नव्हता पण धूळ मुबलक. आठ दिवसांत गाडी काळा धूर ओकायला लागली आणि चढावर मान टाकायला लागली. दोन मिस्त्र्यांनी इंजिन उघडायला सांगितलं. अप्पांनी ते उघडलंच नाही. धुळीनं बुजलेली हवेची जाळी काढून झटकली आणि मला म्हणाले, गोलाईला चार चकरा मारून या, गाडी गरम करून आणा.

थंड गाडीच्या कार्बोरेटरला अप्पांनी जन्मात हात लावला नाही. गाडी तापून आली की ते तिच्या शेजारी उकिडवे बसत आणि डोळे मिटत. बारीक पेचकस हवेच्या स्क्रूत घालून तो सावकाश एका बाजूला फिरवत, इंजिन मरायला टेकेपर्यंत. मग तसाच सावकाश उलटा, ते पुन्हा जीव धरेपर्यंत. पेट्रोल जास्त झालं की धूर काळा, हवा जास्त झाली की इंजिन शिंकतं. ह्या दोहोंच्या मधली जागा ते कानानं शोधत. तेवढा वेळ कुणी खोकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. शेवटी एक चक्कर मारून आणायला लावून प्लग काढून बघत. तो कमी दुधाच्या चहाच्या रंगाचा दिसला की काम झालं.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं आणि सवयीनं दोन पावलं मागं सरकलो. आमच्या आडनावाला कपबशी वेगळी काढणारी दुकानं तेव्हा होती, आणि अप्पांच्या गळ्यात तर लिंगायतांचं लिंग. त्यांनी स्वतःच्या चहातला अर्धा बशीत ओतून घेतला आणि कप माझ्यापुढं धरला. म्हणाले, "सायब, गार व्हायलाय." ह्यापलीकडं त्या विषयावर आम्ही पुढं चव्वेचाळीस वर्षांत एक शब्द बोललो नाही.

मग लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले, पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत मिळेना, जो तो दुकानावर 'जिल्हा लातूर' लिहून घ्यायला लागला. आणि नेमकी तेव्हाच माझी बढतीवर नांदेडला बदली झाली. वरात दारात यावी आणि घरच्या माणसाला गावाला धाडावं, तशातली गत. अप्पांनी पाटी रंगवली नाही आणि माझ्या बदलीवरही काही बोलले नाहीत. नांदेडला चांगले मिस्त्री आहेत, एवढंच म्हणाले. मला त्याचा राग आला होता, तो अजून आठवतो.

नांदेडला चांगले मिस्त्री होते, हे खरंच. पण मला अप्पांकडं जायचं असायचं. आणि इथं माझी अडचण होती. माझ्या बापानं आम्हा भावंडांना एक गोष्ट हाडात भिनवली होती: बिनकामाचं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. काम असेल तर ताठ मानेनं जायचं, काम झालं की उठायचं. त्यांनी ज्या दारांत अपमान गिळले त्यातून ते आलं होतं. मी साहेब झालो, पेन्शनीत निघालो, तरी ते हाडातून गेलं नाही. तेव्हा मी काम तयार करायला लागलो. लोहा, अहमदपूर करत चाकूर मागं पडलं की एका बाभळीखाली गाडी थांबवायची आणि हवेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. लातूरपर्यंत गाडी खोकत जाई. मी चेहरा पाडून म्हणे, अप्पा, बिघडली बघा पुन्हा. ते म्हणत, "बसा." मग तासभर ती जागा शोधणं, वहिनींच्या हातचं जेवण, आणि संध्याकाळच्या आत परत. वर्षातून तीन-चार वेळा, इतकी वर्षं. एकदा तर मी स्क्रू भलत्याच बाजूला फिरवला आणि गाडी तीन मैल ढकलत नेली. अप्पांनी पाणी पुढं केलं, हसू मात्र गिळलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी, पाऊस कसला म्हणा, मी शेवटचा गेलो. त्या दिवशी अप्पांना धाप लागत होती. तरी त्यांनी कार्बोरेटर पुरा खोलला, पेट्रोलात धुतला, नवी सुई घातली. ती जागा मिळाल्यावर सुनेची नखाला लावायची लाल बाटली मागवली आणि स्क्रूवर एक ठिपका दिला, तो हलू नये म्हणून. पेचकस पुसत म्हणाले, "आता हे हलायचं न्हाई सायब. आता नुसतं येत जा."

मी पकडला गेलो, एवढंच मला ऐकू आलं. ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि आज त्यानं ते तोंडावर सांगितलं, असं धरून मी खाली मान घालून निघालो. पुढं गाडी घड्याळासारखी चालली. तो ठिपका फोडायचा धीर मला झाला नाही. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, तेव्हा मनाला आणखी एक निमित्त सापडलं, की अशा दिवसांत पाहुणा म्हणजे घरच्यांच्या दोन घागरी कमी. असे आठ महिने गेले.

फोन आला त्याच दिवशी मी निघालो. चाकूरच्या पुढं हात आपोआप वळले आणि गाडी बाभळीखाली उभी राहिली. खाली बघितलं तर ठिपका तसाच लाल. तिथं मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. अप्पांच्या घरी वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या रीतीप्रमाणं अप्पांना बसवूनच माती दिली होती, हे त्यांनी मला सांगितलं. मग मी न विचारताच म्हणाल्या, "पहिल्या दोन वर्षांतच कळलं होतं त्यांस्नी. म्हणायचे, स्क्रू फिरवून येतंय गडी, येऊ दे. तुम्ही ह्या वयात उन्हाचं रस्त्यात थांबताव, म्हणून तो ठिपका दिला. त्यांस्नी वाटलं, आता तरी बिनकामाचं येताल. रोज संध्याकाळी म्हणायचे, गाडी लई चांगली चालायली असंल त्याची."

ज्या माणसानं माझ्यासाठी आपलं दार बिनकामाचं उघडं केलं, त्याच्या दारावरून मी शरमेनं परत फिरलो होतो. बापाची शिकवण खोटी नव्हती. ती ह्या दाराला लागू नव्हती, एवढंच मला कळायला हवं होतं.

मागच्या रविवारी मी पुन्हा लातूरला गेलो. वाटेत कुठं थांबलो नाही. शिवराज दुकानात एका स्कूटरचं चाक बसवत होता. फटफटीचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली, क्षणभर कान दिला आणि विचारलं, "काका, आवाज तर चोख हाय. काय काम काढलं?"

"काही नाही रे," मी म्हटलं, "नुसता आलो."

आयुष्यात हे पहिल्यांदा म्हणालो. शिवराजनं स्टूल पुसून पुढं सरकवलं आणि पुन्हा चाकाकडं वळला.