अर्ध्यातून काढलेला मॉसी

नॉकलाऱ्यात मॉसी क्विल्टी नावाची तीन माणसं होती. एक टपालाची गाडी चालवायचा तो, एक नुसताच प्यायचा तो, आणि तिसरा अर्धा. तिसऱ्याला आईनं पूर्णच जन्माला घातलं होतं. त्याला अर्धा केला थेडी लोनर्गननं, जिल्ह्याच्या फायनलमध्ये, सगळ्या गावासमोर.

मॉसी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. हातात बापानं स्वतः तासलेली हर्ली, चेंडू मारायची लाकडी काठी, होती. त्या दिवशी चेंडू त्याच्या हाताला लागेना, लागला तर ठरेना. थेडी संघाचा मॅनेजर, एरवी दूध डेअरीचाही मॅनेजर. मध्यंतराला थोडाच वेळ राहिला होता, पण तेवढंही न थांबता त्यानं हात वर करून मॉसीला बाहेर बोलावलं. मध्यंतरात बदललं तर खोलीचं दार बंद असतं, माणसाची अब्रू आत राहते. मध्यंतराआधी काढणं म्हणजे भर चौकात कपडे उतरवणं. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही कळतं.

मॉसी आईच्या समोरून मान खाली घालून चालत आला. थेडीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. बदली खेळाडूची हर्ली चिरली होती, म्हणून मॉसीच्या हातातली काढून घेतली आणि म्हणाला, "ही घे. याला आता लागणार नाही."

त्याच हर्लीनं शेवटचा पॉइंट मारला गेला आणि गाव जिंकलं. मॉसीलाही पदक मिळालं. ते कपाटात कपबशांच्या मागे पडून राहिलं, अर्ध्या खेळातून काढला म्हणून लोक त्याला 'अर्धा' म्हणू लागले, आणि मॉसीनं थेडीवर डूख धरला तो धरलाच.

पुढं तो पंधरा वर्षं खेळला. बचावाच्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि समोरच्याची बोटं फोडायचा. आणखी दोन पदकं मिळाली. एकदा तर कप्तान म्हणून चषक त्याच्या हातात आला, तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अर्धाच उचल रे, बाकीचा आम्हाला ठेव!" सगळं मैदान हसलं. थेडीही हसला, आणि ते मॉसीनं मंचावरून पाहिलं.

खेळणं सुटल्यावर तो मॅनेजर झाला. आधी शेजारच्या गावाचा, मग आमचा. माणूस कडक होता असं लोक कौतुकानं म्हणतात. मी म्हणेन, दुष्ट होता. एका पोराचा बाप गेला, पोरगा सरावाला यायचा थांबला, तर मॉसी त्याच्या दारात जाऊन म्हणाला, "बाप आता कुठं जात नाही. फायनल जाईल." पोरगा आला, आणि आम्ही जिंकायला लागलो, म्हणून सगळ्यांनी मूग गिळले. तिसऱ्या वर्षी फायनल गाठली.

संघात थेडीचा धाकटा, कॉलम होता. विशीतला, मनाचा साधा, पायानं जरा जड. वर्षभर बाकावर बसला होता आणि बाकच त्याची जागा आहे हे त्यालाही मान्य होतं. फायनलचा संघ जाहीर झाला, त्यात पहिल्या पंधरांत कॉलमचं नाव. मॉसीचा मदतनीस गस बोलायला तोंड उघडत होता, पण मॉसीचा चेहरा बघून त्यानं ते मिटलं.

रविवारी, फायनलच्या सकाळी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर थेडी काठी टेकत आला आणि त्यानं मॉसीचा हात दोन्ही हातांत धरला. "मॉसी, उपकार झाले रे. पोरगं दोन रात्री झोपलं नाही. त्याची आई तर रडलीच."

"पुढच्या रांगेत बसा, थेडी," मॉसी म्हणाला. "नीट दिसेल."

घरी बायको नुआलानं अंडी पुढ्यात ठेवली आणि समोर बसली. "खरं सांग. त्या पोराला खेळवायला घेतलंयस की काढायला?"

मॉसीनं मीठ मागितलं.

"त्याचा काय दोष रे? तुझं ते झालं तेव्हा तो जन्मलासुद्धा नव्हता!"

"चहा गार झालाय," मॉसी म्हणाला.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. कॉलम खेळला. असा खेळला की त्याला स्वतःलाही खरं वाटत नव्हतं. पहिलाच चेंडू उंचावर पकडून त्यानं पॉइंट मारला, मग डावीकडून दुसरा, मग पडता पडता तिसरा. आम्ही पुढे होतो. गस मॉसीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाबा रे, तुला हे दिसलं कसं? आम्ही तुला वेडा समजत होतो!"

मॉसी तेवढ्यावरच थांबला असता तर जिल्ह्यानं त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण त्यानं वळून पुढच्या रांगेत पाहिलं. थेडी काठी वर करून ओरडत होता, तोंडभर हसत होता. तेच हसू. मध्यंतराला थोडाच वेळ राहिला होता, पण मॉसीनं हात वर केला.

कॉलमला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावताहेत. मग तो चालत आला, आईच्या समोरून.

"माझं काय चुकलं, मॉसी?"

मॉसीनं त्याच्या हातातली हर्ली काढून घेतली आणि बदली खेळाडूला दिली. त्या बदली पोराची स्वतःची हर्ली शाबूत होती. "बस खाली."

आम्ही एका पॉइंटनं हरलो.

लोक थुंकत गेले. मॉसीला त्यांची पर्वा नव्हती. तो गाड्या लावायच्या मैदानात एका माणसाची वाट बघत उभा होता. थेडी आला, काठी टेकत, एकदम म्हातारा होऊन.

"आता कळलं, कसं वाटतं ते?" मॉसी म्हणाला.

थेडीनं त्याच्याकडे बघितलं. "कशाबद्दल बोलतोयस?"

"मला काढलं होतंत. मध्यंतराआधी. माझी हर्ली घेतलीत."

थेडीला आठवायला बराच वेळ लागला. खोटं नाही, खरंच लागला. मग तो म्हणाला, "अरे, ते होय! तू फार वाईट खेळत होतास रे. म्हणून काढलं." त्यानं गाडीकडे पाहिलं, आत कॉलम मान खाली घालून बसला होता. "हा चांगला खेळत होता, मॉसी."

एवढं बोलून तो गाडीत जाऊन बसला.

मॉसीला मॅनेजरपदावरून कुणी काढलं नाही, त्यानंच ते सोडलं. वसंतात कॉलम ऑस्ट्रेलियाला गेला, पर्थला, बांधकामावर. हर्ली घरीच ठेवून गेला.

पुढच्या हिवाळ्यात मॉसी पबमध्ये कोपऱ्यात एकटा बसला होता. बारजवळ कुणीतरी विचारलं, "अर्ध्याची काही खबर?"

पंचवीसेक वर्षांच्या सवयीनं मॉसीनं मान वळवली.

"पर्थला बरा आहे म्हणे," दुसरा म्हणाला. "नाताळलासुद्धा येणार नाही. आई रोज रडते."

मॉसीकडे कुणी बघितलंही नाही.