तुटक रेघेचं मटेरियल

आर्किटेक्चरच्या पोरांना मी डिझाइन करायची पद्धत शिकवते. आधी कन्सेप्ट, मग बबल डायग्राम, म्हणजे कुठली जागा कुठे ते दाखवणारे नुसते गोल, मग नकाशा. आमच्या नंदुरबारकडची पोरं भारी हुशार. केळीच्या बागेत वाढलेला पोरगा कन्सेप्ट म्हणून शंख आणतो. समुद्र त्याने बघितलेला नसतो, पण शंख इंटरनेटवर मिळतो ना!

एका वर्षी डोंगरातल्या काठी गावाजवळच्या पाड्यासाठी घरं डिझाइन करायला दिली. सगळ्यांच्या शीटवर मधोमध चौक आणि भोवती घरांचे बबल, एकमेकांना चिकटलेले. फक्त एका मुलीचे बबल कागदभर विखुरलेले. ती त्याच डोंगरातली.

"मॅडम, हिना गावमा भांडन व्हयेल शे का?" हिच्या गावात भांडण झालंय का, असं मागून म्हसावदच्या एकाने विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला.

ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे घराला घर लावत नाहीत. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. काही लागलं की हाक मारायची."

आता आली का पंचाईत! बाहेरून येणारे परीक्षक म्हणजे चौकाचे भक्त. चौक नाही तर मार्क नाहीत. आणि नापास झालीस तर पुढच्या हंगामात ऊसतोडीला गुजरातेत चल, असं तिला घरून बजावलेलं. म्हटलं, "बाई गं, घरं हलवू नकोस. पण बबलांमध्ये तुटक रेघा तरी मार. साहेबांना रेघा फार आवडतात."

ज्युरीच्या दिवशी परीक्षक साहेब तिच्या शीटपुढे थबकले. "व्वा, कनेक्टिव्हिटी! हा छप्पर घातलेला रस्ता ना? मटेरियल काय?"

"आवाज, सर."

"म्हणजे?"

"हाक मारतात. ती ऐकू जाईल इतक्याच लांब पुढचं घर बांधतात."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कन्सेप्ट स्ट्राँग आहे," म्हणाले. अहो, कन्सेप्ट कसला डोंबलाचा, तिचं गाव आहे ते! पण मी फक्त पेन त्यांच्यापुढे केलं. मार्क अजून लिहायचे होते.

पास झाली. निकाल घेऊन घरी गेली, तर बापाने अंगणातूनच पलीकडच्या घराला ओरडून सांगितलं, त्या घराने पुढच्याला. सुट्टीनंतर भेटली तेव्हा मी विचारलं, "काय गं, गावात कळलं का?"

"मॅडम, माझा चहा होईपर्यंत सगळ्या बबलना कळलं होतं."