चार दिवसांचा नाच

वाशीमच्या वेशीबाहेर आमचा भाजीचा मळा होता. लग्नानंतर यजमानांनी बदली झालेल्या एका साहेबाच्या लिलावातून ग्रामोफोन आणला. त्यातली एक तबकडी स्पेन देशाची होती. तिच्यात एक बाई आर्त गायची आणि मग टाचांचा कडकडाट सुरू व्हायचा. या नाचाला फ्लामेंको म्हणतात, हे यजमानांनीच पाकिटावरचं चित्र दाखवून सांगितलं. बायकोनं तो शिकावा, असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

एरवी मला पाणी, भाकरी आणि वांग्यांचा तोडा यातून मान वर काढता येत नसे. पण महिन्याचे चार दिवस मी विटाळशी म्हणून मागच्या खोपीत एकटी बसायची. कशाला शिवायचं नाही, कुणी जवळ यायचं नाही. दुपारी नणंद घरात तबकडी लावायची आणि मी तरटाखालच्या फळीवर अनवाणी टाचा आपटायची. सासूबाई बाहेरूनच विचारायच्या, "काहून पाय आपटून राह्यली वं?"

"मुंग्या आल्या पायाले, आत्याबाई."

वर्षभरात टाचा फुटल्या, पण शेवटचा तुकडा तेवढा जमायचा राहिला. तो पुढच्या खेपेला बसवायचा, असं मी ठरवलं.

पुढच्या महिन्यात मी बाहेर बसलेच नाही. मला दिवस गेले होते. सासूबाईंनी शेजारीपाजारी गूळ वाटला. संध्याकाळी भाकरी थापताना माझे हात आपोआप त्याच ठेक्यावर पडायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू थाप वं. लेकराले धक्का लागन."