गोणपाटाच्या पलीकडची घोटाई

भुतंखेतं, हडळी, करणी… यातलं काही मी कधी मानलं नाही. माझं माहेर घोरावाडीचं, वडील रेल्वेत. स्टेशनामागच्या चिंचेवर हडळ राहते असं सगळे म्हणायचे, आणि त्याच झाडाच्या चिंचा खाऊन आम्ही बहिणी मोठ्या झालो. हडळ काही आली नाही, खोकला मात्र दर वर्षी न चुकता यायचा. त्यामुळे इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचताना मी नातीला म्हटलं, "अगं, या सगळ्यांना रात्रीच का दिसतं? चष्मे लावा म्हणावं." ती म्हणाली, "आजी, मग तुझं टाक्याचं लिही की." तिनेच टाइप करून दिलंय. चुका असतील तर तिच्या.

तर माझं जे आहे ते भर उन्हातलं आहे. आणि मी एकटी नव्हते, बायकांची अख्खी रांग होती.

मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावाच्या पुढे, लोहगडाच्या बाजूला चालत गेलं की एक जुना बंगला लागायचा. कुणा साहेबाने बांधलेला, पुढे मुंबईच्या एका शेठनी घेतलेला. माझे सासरे तिथे रखवालदार होते. ते गेल्यावर ते काम माझ्या यजमानांकडे आलं, म्हणजे कागदावर. खरा कारभार माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, बाकी सगळा गाव आक्का म्हणायचा. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. आमचं दुसरं घर नव्हतं, जमीन तर नव्हतीच.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढचा उन्हाळा. बंगल्याच्या भिंतींना तडे गेलेले, आणि पुढच्या अंगणातलं पोहायचं टाकं — आता तुम्ही स्विमिंग पूल म्हणाल — तळाला मधोमध उललेलं. शेठच्या मनात होतं की बंगला नीट करून मुंबईच्या कुटुंबांना सुट्टीत राहायला द्यायचा. मुलाबाळांनी यावं, पोहावं, भाजे-कार्ला बघावं. त्या वेळी आमच्या भागात हे कुणी करत नव्हतं, म्हणून आम्हालाही त्याचं भारी अप्रूप. कौलं बदलली, लाकडाला तेलपाणी झालं, गंजलेल्या लोखंडी खाटा मी स्वतः घासून रंगवल्या. व्हरांड्यातली शहाबादी फरशी तर मी अशी घासली होती की आमचे हे तिच्यावरून दोनदा घसरले.

राहिलं टाकं. पुण्याचा कंत्राटदार म्हणाला, सिमेंट आणि टाइल. आत्याबाई म्हणाल्या, चुना. जुनं काम चुन्याचं, त्याला चुनाच धरतो, सिमेंट सुटून येतं, असं त्यांचं म्हणणं. कंत्राटदार काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आक्का, चुना उत्तमच. पण एवढा तळ एका दिवसात घोटायला बायका कुठून आणाल? एक जरी सांधा राहिला तरी पाणी तिथून जाणार." ते खरंच होतं. चुन्याचा गिलावा ओला आहे तोवर नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावा लागतो, आरशासारखा होईपर्यंत. उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंतच ओला राहतो. वाळला की संपलं.

शेठ म्हणाले, "आक्का, तुमच्या शब्दावर सोडतो. पण मे महिन्यात कुटुंबं येणार आहेत. टाकं गळलं तर सगळा बंगला या कंत्राटदारांच्या ताब्यात. ते त्यांची माणसं ठेवतील."

आत्याबाई म्हणाल्या, "चालंल." मला विचारलं नाही, मुलाला विचारलं नाही… डोक्यावरचं छप्पर पणाला लावून आल्या आणि वर मला म्हणाल्या, "च्या टाक."

मग सुरू झालं काम. बैल जुंपून दगडी घाणीत चुना मळला. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी. त्या वासाने माझी भूकच मेली होती. घोटायच्या बायका गडाखालच्या एका वाडीतल्या आणि भाज्यातल्या, अशा दोन टोळ्या. टाक्याच्या आत भिंतीलगत बसायला एक रुंद पायरी होती. आदल्या संध्याकाळी प्रत्येकीने त्या पायरीवर आपल्या जागी आपला गोटा ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं. भाज्याच्या बायकांचे गोटे बंगल्याच्या बाजूला, वाडीच्या बायकांचे गडाच्या बाजूला. एकदा गोटा मांडला की काम होईपर्यंत त्या जागेला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. टाक्याच्या मध्यावर फळ्या टाकून दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून बसणार, आणि घोटत घोटत मागे न सरकता पुढे… छे, उलटं सांगतेय. तोंडाला तोंड करून बसणार आणि घोटत घोटत आपापल्या भिंतीकडे मागे सरकणार, म्हणजे केलेल्या कामावर पाय पडत नाही.

पहाटे गवंड्यांनी सगळ्या तळावर गिलावा ओढला. वर उन्हासाठी मांडव घातलेला होताच. बायका लुगड्याचे काचे मारून आत उतरणार, तेवढ्यात वाडीकडून माणूस धावत आला. वाडीतले म्हातारे आबा गेले. सगळ्या वाडीची एकच भावकी, त्यामुळे सगळ्यांना सुतक. गवंडीही त्याच वाडीचे.

वाडीच्या टोळीची पुढारी धोंडामावशी ओल्या चुन्याकडे बघून रडायलाच लागली. आबांसाठी की चुन्यासाठी, कोण जाणे. म्हणाली, "आक्का, तुमचं कसं वं व्हनार आता?"

आत्याबाई म्हणाल्या, "आगं, मानूस ग्येलं आन् तू चुन्याचं काय घिऊन बसलीस? जावा समद्या. हितलं मी बघते."

त्या गेल्या. त्यांचे गोटे हळदकुंकवासकट तिथेच राहिले.

आमचे हे सायकल काढून मळवलीपर्यंत जाऊन आले, पण ऐन लगीनसराई, एक बाई मोकळी मिळाली नाही. मग हे फाटकाशी जाऊन बसले ते दिवसभर तिथेच. मी म्हटलं, "आत्याबाई, आहोत तेवढ्या सगळ्या टाक्यात पसरून बसू. मी पण बसते."

"तू बस. पर हिकडंच. पसरून बसलीस तर दोन्हीकडचं कच्चं ऱ्हाईल. आन् ती जागा त्येंची हाय, त्येंचं गोटं मांडल्यालं हायती."

"त्यांची आहे, पण त्या आहेत कुठे?"

"सुमन, गप घोट."

मला इतका राग आला होता म्हणून सांगू! घर चाललंय आणि या रीत सांभाळतायत. वारा लागून चुना वाळू नये म्हणून मधोमध दोरीवर ओली गोणपाटं टाकली आणि आम्ही घोटायला बसलो. आत्याबाई, मी आणि भाज्याच्या बायका. पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि मला बघायचंही नव्हतं.

घोटायचं म्हणजे नुसता हात फिरवणं नाही. एकीने ओवीची पहिली ओळ म्हणायची, दुसरी ओळ सगळ्यांनी, आणि त्या ठेक्यावर सगळे गोटे एकदम फिरले पाहिजेत. नाहीतर लाटा उठतात. थोड्या वेळाने माझा हात बसला. आणि मग मला जाणवलं की दुसऱ्या ओळीला आवाज जरा जास्तच भरतोय. ओवीचा नाही, गोट्यांचा. घस्स… घस्स… गोणपाटाच्या पलीकडून, अगदी माझ्या गुडघ्यांसमोरून.

मी म्हटलं, टाकं आहे, आवाज घुमणारच. रेल्वेतल्या माणसाची मुलगी मी, बोगद्यातला आवाज काय मला नवा आहे? पण आम्ही मागे सरकत गेलो तसा तो आवाजही लांब लांब जायला लागला. गडाच्या बाजूच्या भिंतीकडे. घुमलेला आवाज असा मागे सरकत जाईल का हो? मग भाकरीला थांबलो. आमचे सगळ्यांचे हात थांबले, ओवी थांबली. पलीकडचं मात्र चालू होतं. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या शेजारच्या बाईचा घास हातातच राहिला. घाबरले का मी? खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं, की चला, वाडीचं कुणीतरी परत आलं. मी बघायला उठले तर आत्याबाईंनी माझं लुगडं धरून खाली बसवलं.

"त्येंच्या कामात डोकावू नगं. खा आन् हात चालीव."

आम्ही आमच्या पायरीला टेकलो तेव्हा गडावरचं ऊन पिवळं झालं होतं. माझ्या खांद्यात जीव राहिला नव्हता. आत्याबाई वर आल्या, काठाकाठाने गेल्या आणि त्यांनी दोरीची गाठ सोडली. गोणपाटं आम्ही दोघींनी ओढून घेतली.

सगळा तळ घोटलेला होता. इकडून तिकडे, सांधा म्हणून कुठे नाही. मांडवाच्या फटीतून येणारं आभाळ त्यात दिसत होतं. वाडीच्या बायकांच्या फळ्या आम्ही मध्यावर ठेवल्या होत्या, त्या गडाकडच्या पायरीला लागलेल्या. गोटे ज्याच्या त्याच्या जागी… पण हळदकुंकू पुसलेलं, आणि हात लावला तर ओला चुना. कुठे पावलाचा ठसा नाही.

हे म्हणाले, फाटकातून चिमणीसुद्धा आत आलेली नाही. टाक्यात उतरायच्या पायऱ्या एकाच बाजूला, आमच्या. भाज्याच्या बायकांनी तळाला हात जोडले आणि त्या घरी गेल्या. आत्याबाईंना मी विचारलं, "हे कुणी केलं?" त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत? मी माज्याकडचा तळ बघत व्हते."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीत भेटायला गेलो. मी मुद्दाम चौकशी केली. गावभर विचारा, वाडीच्या बायका दिवसभर मयताच्या अंगणात बसून होत्या, एक जागची हलली नव्हती. धोंडामावशी हात पदराखाली धरून बसली होती. मी ओढून पाहिले, तर तळव्यांची सालं निघालेली, चुन्याने हात खाल्ल्यावर निघतात तशी. दुसऱ्या बायकांचेही तसेच. आता म्हणाल, मयताच्या आदल्या दिवसापर्यंत त्या चुना कालवतच होत्या. होत्या ना. आणि एक म्हातारी म्हणाली, "रडताना समद्या रांगंनं भुईवर हात घासत व्हत्या. आमी म्हनलो, आसूंदे, लय दुख झालंय." तर तेही कारण असेल. हातांचं मी समजू शकते. टाक्याचं समजावून द्या.

मे महिन्यात पहिलं कुटुंब आलं, दादरचं. पोरांनी टाक्यात असा धुडगूस घातला की जेवायला बाहेर काढताना त्यांच्या आईचा घसा बसला. शेठ आले, सोबत कंत्राटदार. त्याने टाक्याच्या बाहेरून सगळ्या भिंतींच्या बुडाशी बसून हात लावून पाहिला. सगळं कोरडं ठणठणीत. उठून हात झटकले आणि म्हणाला, "आक्का, हे काम माझं म्हणून सांगता आलं असतं तर मी मिरवलं असतं." माझी छाती तेव्हा जी फुगली ती अजून खाली आलेली नाही. पुढे अनेक वर्षं तो बंगला आम्हीच चालवला. मुंबईची माणसं पत्र पाठवून सुट्टी ठरवायची आणि त्यांच्या मुलांची मुलंही त्या टाक्यात पोहली.

शेठ टाकं बघायला आले, त्या दिवशी त्यांनी घोटाईच्या बायकांसाठी लुगडी आणली होती. आत्याबाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं, भाज्याच्या बायकांना हाक मारतील. त्यांनी पहिली हाक मारली धोंडामावशीला. मग वाडीच्या एकेकीला, नाव घेऊन. भाज्याच्या बायका मागे उभ्या होत्या, एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

आता धोंडामावशी कशी, तर आमच्याकडचा चहा प्यायली तर जाताना अंगण झाडून जाणारी. फुकटचं पानसुद्धा न खाणारी. मला वाटलं, ही नको म्हणेल. ती आली, पदर पसरला, लुगडं घेतलं आणि कपाळाला लावलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मावशी, तुम्ही तर त्या दिवशी मयताला गेला होतात…"

"व्हय, ग्येलते की," ती म्हणाली. "आन् ह्ये बी आमीच केलं."

कसं, ते तिने सांगितलं नाही. तिला तरी ठाऊक होतं का, देव जाणे. मी इतकी वर्षं डोकं लावतेय आणि मला काही उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर कळवा. पण त्या बायकांनी ती लुगडी फुकट घेतली असं मात्र माझ्यासमोर कुणी म्हणू नका.