जात्याची घरघर

सीडी तयार झाली तरी आप्पा ती लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. त्याला समोरच्या स्टुलावर बसवायचे, सीडी प्लेअरमध्ये घालायचे आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायला लावायचे. त्यांचं दुकान ओतूरच्या एसटी स्टँडसमोर होतं. गाडी लागली म्हणून कुणी चुळबुळ करू लागलं की म्हणायचे, “बसा राव. गाडी घंट्याभरानं दुसरी येती. ह्यात खोट राहिली तं लग्नाच्या मांडवात मी थोडाच येनार हाये?” गिऱ्हाईक कुरकुर करत बसायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याकडेच यायचं.

शेजारच्या गाळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांनी मात्र नव्वदच्या आसपास कॅसेट भरून द्यायचा धंदा धरला. पुढे सीड्या आल्या, तसा त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि सॉफ्टवेअर निवडायला मला बोलावलं. मी मोठ्या ऐटीत पाच-सहा प्रकारची आणून दिली. आप्पांनी प्रत्येकावर एकच परीक्षा लावली. त्यांच्याकडे एका भजनाची सीडी होती, तिच्यात एक अभंग संपता संपता टाळ न थांबता दुसरा सुरू व्हायचा. ती कॉम्प्युटरवर उतरवायची, कोऱ्या सीडीवर लिहायची आणि तो सांधा ऐकायचा. बहुतेक सॉफ्टवेअरं दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घालायची. आप्पा भडकायचे. “टाळकऱ्यांनी काय हात वर धरून हुबं ऱ्हायचं का?”

सॉफ्टवेअरांची खरी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. एक ‘घाईवालं’, एक ‘बडबडं’, आणि गाण्याचा आवाज आपल्या मनानं वरखाली करणारं ते ‘शहाणं’. शेवटी त्यांनी सगळ्यांत साधं ठेवून घेतलं आणि तेही अगदी कमी वेगावर चालवायचे. मी हसलो, तेव्हा म्हणाले, “ह्ये गरीब हाये, सर. दिलं तेवढंच लिव्हतं. आपलं डोकं चालवत न्हाई.” ते वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

आप्पांच्या बायकोचं, यमुनावहिनींचं नाव आसपासच्या पाच-सहा गावांत होतं. कुठेही हळद असली की जात्यावर त्यांना बसवायचे. हळकुंडं जात्यात पडली की त्या गायला लागायच्या आणि बाकीच्या बाया मागून सूर ओढायच्या. अशाच एका पुतण्याच्या हळदीत आप्पांनी टेप लावून त्यांची एक कॅसेट भरली होती. नंतर वहिनी काविळीनं गेल्या. मुलगी रेखा तेव्हा नववीत होती. आप्पांनी ती कॅसेट कपड्यात गुंडाळून ठेवली आणि कधी वाजवली नाही. “वाजवली की झिजती,” एवढंच म्हणायचे. रेखाच्या हळदीला आईनं गायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

रेखाचं लग्न शिनोलीत जमलं. आप्पांनी कॅसेट बाहेर काढली, टेपची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि आम्ही दोघांनी मिळून ती उतरवून घेतली. शेवटच्या ओवीनंतर कॅसेट काढायला गेलो, तर जुनी फीत रोलरला चिकटून चुरगळली आणि तुटली. मी घाईघाईनं तुकडे जुळवायला लागलो. आप्पा मात्र शांत होते. “उतारलं ना समदं? मंग जाऊ द्या. आता ती हितं हाये.” त्यांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते पत्रिका वाटायला गेले आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेले. त्यांना खूश करावं म्हणून मी माझ्याजवळचं ‘शहाणं’ त्या कॉम्प्युटरवर घातलं. वहिनींच्या गाण्यामागे सतत घरघर येत होती. सुरुवातीला आवाज नव्हता, नुसती घरघर होती, तेवढा तुकडा सॉफ्टवेअरला दाखवला आणि सांगितलं, हे सगळीकडून काढ. त्यानं काढलं. वहिनींचा आवाज असा स्वच्छ आला की मी एकटाच टाळी वाजवली. मग त्याच नावावर सेव्ह करून टाकलं.

संध्याकाळी आप्पांनी हेडफोन लावून ऐकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. हेडफोन काढून म्हणाले, “आवाज लई ग्वाड आलाय, सर. पन ही बसलीय कुठं?”

मला कळेना.

“जातं कुठं गेलं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. पहिली फाईल उरलेली नव्हती आणि कॅसेट तुटली होती. मी काहीतरी बोलत राहिलो. आप्पांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि तो येईपर्यंत ते तुटलेली फीत बोटाला गुंडाळत बसले.

हळदीला त्यांनी त्याचीच सीडी करून लावली. बाया जात्यावर बसल्या, पण वहिनी गायल्या होत्या त्या स्वतःच्या हाताच्या ओढीवर. कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा, ते वहिनींच्या जात्याच्या आवाजाशिवाय कुणाला कळेना. दोन ओव्यांत बायांचा हात चुकला. एक म्हातारी म्हणाली, “बंद करा रं त्ये. आपन आपलं म्हनू.” रेखा हळदीच्या अंगानं रडत होती. मी मांडवाच्या मागून निघून आलो. नवऱ्या सगळ्याच रडतात, असं कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर आप्पा येईल त्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला एकच विचारायचे, “पावणं, काढल्यालं परत घालनारं सॉफ्टवेअर निघालंय का?” नवीन काही आलं की लावून बघायचे आणि काढून टाकायचे. मला दोष देणारा एक शब्दही त्यांनी कधी काढला नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच क्लास आळेफाट्याला हलवला. कारण विचारलं की जागा लहान पडते, असं सांगायचो.

पुढे गाणी मोबाईलमध्ये गेली आणि सीड्यांना कुणी विचारेना. आप्पांना दम्यानं धरलं होतं. मी भेटायला जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि ते गेल्याचं मला रेखाच्या फोनवरून कळलं.

दहाव्याला गेलो, तेव्हा तिनं एक सीडी हातात दिली. वर आप्पांच्या अक्षरात फक्त ‘यमुना’ लिहिलेलं होतं. ती म्हणाली, “सर, आप्पांनी घरातलं जातं दुकानात आनलं व्हतं. आईचा आवाज लावायचे न् सोता रिकामं जातं वढत बसायचे. लई वर्सं. हात जुळला, तवा ह्ये भरलंय. पन मधी त्यांची धाप लई ऐकू येती. तेवढी काढून देता का? पोरांना ऐकवायचंय.”

“नाही,” मी म्हणालो. “तेवढं सांगू नकोस, रेखा.”

घरी येऊन मी ती लावली. आधी नुसतं जातं. मग वहिनींचा आवाज, आणि त्या कुठे बसल्या आहेत ते पहिल्यांदा कळलं. जातं एकदाही चुकत नव्हतं. जिथे त्या थांबत, तिथे ते अडे, आणि जिथे जोर, तिथे ते गडगडे. पाचव्या ओवीपासून धाप वाढत गेली. शेवटच्या ओवीत जातं हळू झालं आणि थांबलं. वहिनी एकट्याच पुढे गात राहिल्या. तेवढ्यात आप्पांचा आवाज आला, अगदी जवळून.

“थांब गं जरा. हात भरून आलाय.”

त्या थांबल्या नाहीत.