पामला गायलेला रेडिओ

बायकोलाही हे मी आजवर सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका. आधी हसून घ्या, कारण गोष्ट हसण्यासारखीच आहे.

सन साठ-बासष्टचा सुमार असेल. पालघरला भाड्याच्या खोलीत मी ट्रान्झिस्टर रेडिओ जुळवायचो. कंपनीचं नाव ठरलं होतं, पाटी रंगवून तयार होती. कमी होतं फक्त गिऱ्हाईक! जोडीला लग्नात लाउडस्पीकर लावायची कामं करायचो, त्यामुळे घरात एक माइक होता. आणि वहिनी होती — शिरगावची यमुना, थोरल्या भावाची बायको. लग्नात बायका गातात ते धवले तिला शेकड्यांनी पाठ. मोठ्या घरच्या लग्नात आपल्याला धवलारीण म्हणून मानानं बोलवावं, एवढी एकच तिची हौस. मला ती ठाऊक होती. हे लक्षात ठेवा.

जवळच्या पाम गावात एका घरी सेट दाखवायला गेलो. वहिनी हौसेनं बरोबर आली. ओटीवरच्या खिडकीत सेट ठेवला, अंगणात सगळं गाव जमलं, मी बटण फिरवलं — आणि नुसती खरखर! पुन्हा फिरवलं, तरी खरखरच. वहिनी कानाशी येऊन पुटपुटली, "भावजी, तुमी बटनं फिरवीत बसा. मी हाय ना."

लग्नाच्या कामाचा माइक पिशवीत होताच; त्याची वायर सेटला मागून जोडून मी खिडकीतून आत सोडली. माइक घेऊन ती माजघरात शिरली. आणि रेडिओ गायला लागला — धवला!

काय सांगू तुम्हाला! म्हाताऱ्या रडल्या, पोरं नाचली. "रेडिओला आपली गानी येतात!" सात सेट तिथल्या तिथे सांगितले गेले. उमरोळी स्टेशनपर्यंत आम्ही दोघं पोट धरधरून हसत आलो. इतका आनंद मला पुढे मोठमोठ्या ऑर्डरींनीही दिला नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. "सेट चांगला हाय, पन धवला लागत नाय." मी म्हणायचो, हवा खराब आहे. वर्षभर हवा खराबच होती!

इथवरची लबाडी मी मजेत पचवली. खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच घरी पुढल्या वैशाखात लग्न निघालं. लाउडस्पीकर माझाच. आणि धवले गायला — वहिनी. मीच शब्द टाकला होता. ती हिरवं लुगडं नेसून आली, मांडवात बसली, जीव ओतून गायली. गाणं संपल्यावर घरची म्हातारी म्हणाली, "बरी गातेस बाय, पन त्या रेडिओवालीची सर नाय."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू होतं — आता भावजी सांगतील, असं. म्हातारीनंही मलाच विचारलं, ती बाई कोन रं?

एक वाक्य बोलायचं होतं. सात सेट परत आले असते, एवढंच ना? मी म्हणालो, "ती मुंबईची मोठी गायिका. आमच्या वहिनीला कुठून जमणार तसं?"

सगळे हसले. वहिनीही हसली, पदर तोंडाला लावून. पुढचा धवला दुसरीनं धरला.

परतताना ती मला चिडवत होती, "मुंबईची मोठी बाई हाय मी! घरी भात कोन टाकील?" मी हसलो. पण त्यानंतर ती कुठल्याच मांडवात गायला बसली नाही. ते का, हे मी तिला कधी विचारलं? नाही.

पुढे बोईसरला कारखाना झाला. दर वर्धापनदिनी मी स्टेजवरून सांगायचो — आमचा पहिला सेट पामला पहिल्याच झटक्यात वाजला. टाळ्या पडायच्या. सगळ्यांत जोरात वहिनी वाजवायची, अगदी तिच्या शेवटच्या वर्षापर्यंत.

सेट वाजलाच नव्हता. मुंबईची गायिका नव्हतीच. गात होती ती शिरगावची यमुना — आणि ती समोर बसलेली असताना, मी ते एकदाही बोललो नाही.