मेहुण्याच्या रागावरचे गोल

"बाही बरोबर आहे, हातच लांब आहे."

भोरच्या बाजारात आमच्या टेलरमास्तरांकडे ज्यानं कपडा शिवला, त्यानं हे ऐकलंच असणार. बोलताना मास्तर गिऱ्हाइकाचा हात वर धरून असे बघायचे, की त्या माणसाला स्वतःच्याच हाताची लाज वाटावी.

हेच मास्तर आमच्या हॉकी टीमचे सेंटर फॉरवर्ड. संस्थानच्या त्या दिवसांत पलटणीतून पेन्शनीत आलेल्या एका हवालदारांनी गावाला हे खूळ लावलं. मी कचेरीत कारकून, अंगानं आडवा, म्हणून गोलात उभा. तिथून सगळं मैदान दिसायचं, तेव्हा सांगतो ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मास्तरांच्या डाव्या हाताला त्यांचा मेहुणा खेळायचा. बायकोचा धाकटा भाऊ, उत्रोलीचा शेतकरी, भाताचे भारे उचलून मनगटं लोखंडासारखी झालेली. त्याच्या लग्नाचा कोट मास्तरांनी शिवला होता आणि भर मांडवात त्याचा हात वर धरून तेच वाक्य ऐकवलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद, येणं-जाणं बंद. तरी दोघं एका टीममध्ये, कारण हवालदारांना नाही म्हणायची कुणाचीच छाती नव्हती.

आता गोल कसे व्हायचे ते ऐका. मेहुण्याला चेंडू मिळाला की तो गोलाकडे बघायचाच नाही. मास्तरांच्या नडग्या हेरायचा आणि सगळा राग काढून चेंडू हाणायचा. मास्तर जीव वाचवायला स्टिक आडवी धरायचे. स्टिकवरून चेंडू उडायचा तो थेट गोलात. मास्तर मिशीवरून बोट फिरवायचे. "बघितलंत? नुसतं मनगट!"

एकदा मेहुणा भातकापणीमुळे आला नाही. त्याच्या जागी खेळणाऱ्यानं चेंडू नीट, हळू दिला. मास्तर चेंडूपुढे उभे राहिले, कापडाला कात्री लावण्याआधी बघावं तसे. तोवर समोरच्यांनी चेंडू नेलासुद्धा.

"फटका बरोबर होता," ते म्हणाले. फटका मारलाच नव्हता.

मग भाटघरला धरणावर काम करणाऱ्यांच्या टीमशी सामना ठरला, तोही भाऊबीजेच्या दिवशी. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. तेवढ्यात मास्तरांची बायको ओवाळणीचं ताट घेऊन भर मैदानात आली.

"माज्या दारात येत न्हाईस ना? मग हितं बस," ती भावाला म्हणाली. "दर दिवाळीला म्या कुणाला ओवाळू? ह्या गोलाच्या खांबाला?"

मेहुणा स्टिक मांडीवर घेऊन गवतातच बसला. वारा होता, निरांजन विझायला लागलं. तेव्हा मास्तर पुढे झाले आणि दोन्ही हातांचा आडोसा धरून वाकून उभे राहिले. ओवाळून होईपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग मेहुणा उठला, "दाजी" एवढंच म्हणाला आणि मास्तरांच्या पाया पडला. अंपायरनं डोळे पुसून शिट्टी वाजवली.

आणि आमचं वाटोळं झालं.

मेहुणा चेंडू अलगद सरकवायचा. "घ्या, दाजी."

"छे छे, तुम्ही मारा, पाव्हणं."

"तुमच्या आदी म्या कसा मारू?"

दोघं चेंडूभोवती असे थांबलेले आणि हवालदार कडेला टोपी चावत. आम्ही हरलो. पुढचे सामनेही हरलो.

शेवटी हवालदारांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, येकदा भांडा की. टीमसाठी!"

मास्तरांनी ते मनावर घेतलं. मेहुण्याला नवा कोट शिवला आणि मुद्दाम दोन्ही बाह्या कोपरापर्यंतच ठेवल्या. मेहुण्यानं तो घातला, हात पुढे-मागे करून बघितले आणि मास्तरांना मिठीच मारली. "दाजी, चिखलात काम करायला लई सोयीचा झालाय!"

त्या संध्याकाळी मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"म्हणजे ते गोल त्याचे होते," ते म्हणाले.

"तुमचेही होते, मास्तर."

"न्हाई हो. माझ्या नुसत्या नडग्या होत्या." त्यांनी धोतर वर करून नडगी चाचपली. पूर्वी तिथं कायम टेंगूळ असायचं. "बऱ्या झाल्या बघा," ते म्हणाले आणि हसले. स्वतःवर हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. मेहुणाही आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात भाटघरवाल्यांशी पुन्हा सामना चालला होता. उत्रोलीच्या रस्त्यानं एक बैलगाडी आली. मेहुणा हाकत होता, शेजारी मास्तर, मागं त्यांची बायको मांडीवर सुपाऱ्या कातरत बसलेली. मास्तर काहीतरी सांगत होते आणि मेहुणा कासरा सोडून हसत होता. आमच्याकडे लक्ष जाताच दोघांनी हात केला. आमची सगळी टीम तिकडे वळली. हवालदारांनीही टोपी काढून हलवली. मी तर दोन्ही हात वर केले आणि गाडी झाडाआड जाईपर्यंत हलवत राहिलो.

चेंडू माझ्या पायांमधून गेला, ते मला शिट्टी वाजल्यावर कळलं.